धुक्यातला गोल

क्लबच्या जुन्या वहीत वडिलांची एक ओळ आहे.
ऑर्मरॉड, सेप्टिमस. डावा बॅक.
सामने दोनशे सतरा. गोल,
आणि पुढे एक वाटोळा भोपळा,
कारकुनाने टाक दोनदा फिरवून जाड केलेला.

सेप्टिमस म्हणजे सातवा.
वरचे चौघे खाणीत, दोघे फ्रान्सच्या चिखलात कायमचे.
हा एक शनिवारी दुपारी
उजेडात धावायचा.

आठवड्याला चार पौंड.
जिंकले तर वर दोन,
आणि हॅदरक्लफ जिंकायचं म्हणजे
चर्चमध्ये सांगण्यासारखी गोष्ट.
मे महिन्यात मैदानाच्या फाटकावर यादी लागायची,
कोण राहिलं, कोण सुटलं.
आई ती बघायला कधी गेली नाही.
गल्लीच्या तोंडाशी वडील दिसले
की टोपी किती खाली ओढलीय त्यावरून
ती ठरवायची, बटाटे किती सोलायचे.

बूट माझ्याकडे.
चमच्याच्या दांड्याने चिखल काढायचा, मग चरबी चोळायची,
वाद्या चुलीपासून दूर वाळवायच्या, नाहीतर तडकतात.
एका गावचा चिखल काळा, कोळशाच्या राखेचा,
एकाचा तांबडा, नखात आठवडाभर राहणारा,
एकाला मेंढ्यांचा वास.
इंग्लंडचा नकाशा शाळेत नंतर शिकले.
आधी तो बुटांच्या तळव्यांवरून
वर्तमानपत्रावर खरवडून पाडला.

आणि कपाळावर त्यांच्या एक आडवी रेघ होती.
ओला चेंडू डोक्यावर घेतला की
त्याची नाडी लागायची, नेमकी तिथेच.
मला लहानपणी वाटायचं
सगळ्यांच्याच वडिलांना असते.

आता तो गोल.
एकोणतीसचा नोव्हेंबर. सकाळपासून धुकं,
त्यात गिरण्यांचा धूर कालवलेला.
वडिलांना गोल करायचाच नव्हता.
आपल्या अर्ध्यातून नुसता लांब भिरकावला,
बॅकचं कामच ते, बला टळो.
चेंडू वर गेला आणि धुक्याने गिळला.
मग लांबून आवाज आला,
कुणी ओली चादर झटकावी तसा.
त्या टोकाचे लोक ओरडले.
या टोकाचे विचारू लागले, कुणाचा? कुणाचा?
नाव माणसामाणसांतून फिरत आलं
आणि सगळ्यात शेवटी वडिलांना कळलं.

सहा मिनिटांनी रेफ्रीला
स्वतःचे लाइन्समन दिसेनात.
अकरा मिनिटं उरली असताना शिट्टी. सामना रद्द.
मार्चमध्ये तो पुन्हा खेळवला, लख्ख उन्हात,
तीन-शून्यने हरले.

पुढचं पटकन सांगते, ते घडलंही पटकन.
गुडघा गेला. ट्रेनर बादली घेऊन धावला,
गार पाण्याचा स्पंज,
सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे तेवढंच औषध.
लंडनच्या एका हॉटेलात मतं मोजली,
आमच्या क्लबला सहा पडली,
आणि लीगमधून आमचं गावच गेलं.
वडिलांनी कोळशाची गाडी घेतली, घोडी घेतली.
घोडीला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं.
ते म्हणायचे, डावी बाजू मी सांभाळतो.

गिऱ्हाइकं दारात थांबवून विचारत,
सेप, तो धुक्यातला गोल!
मी होतो की तिथे, डोळ्यांनी पाहिलाय.
त्या दिवशी तिकिटं खपली होती अठराशे.
माझ्या लग्नापर्यंत पाहणारे तीन हजार झाले,
त्यात दोघे तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

वडील ऐकून घेत. नाकाडावरची काजळी पुसत.
मी नाही पाहिला, म्हणत,
आणि पोतं खांद्यावर चढवत.